प्रदर्शनातून पिशवी नव्हे, ओळख आणा

कापड यंत्रांचे एखादे मोठे प्रदर्शन भरले की सोलापुरातून बरीच माणसे जातात. रात्रीच्या गाडीने निघायचे, सकाळी मुंबईला उतरायचे, दिवसभर दालने फिरायची आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परतायचे. परतताना हातात कॅटलॉगनी भरलेली पिशवी असते. चार दिवस ती दुकानातल्या गादीवर राहते, येणारे-जाणारे रंगीत चित्रे पाहतात आणि मग ती माळ्यावर जाते. "काय पाहिलेत?" असे विचारले तर "फार मोठ्या मशिनी होत्या" असे उत्तर मिळते. "कोणाला भेटलात?" या प्रश्नाला मात्र बहुतेकांकडे उत्तर नसते.

हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. यंत्राची माहिती आज घरबसल्या फोनवरही मिळते. ते यंत्र वापरणारा, दुरुस्त करणारा आणि त्यात पैसे घालून पस्तावलेला माणूस मात्र फोनवरच्या जाहिरातीत सापडत नाही. तो अशा मेळाव्यातच भेटतो. म्हणून आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी अशा ठिकाणी कसे जावे, कोणाशी काय बोलावे आणि जोडलेली ओळख कशी टिकवावी, याचा येथे विचार करू.

मेळावे तीन प्रकारचे

पहिला प्रकार म्हणजे यंत्रांचे प्रदर्शन. जगातील सर्वांत मोठे प्रदर्शन 'इटमा' या नावाने ओळखले जाते. ते १९५१ साली फ्रान्समधील लील येथे सुरू झाले. दर चार वर्षांनी ते युरोपातील एखाद्या शहरात भरते. २०२३ साली ते इटलीतील मिलान येथे भरले होते आणि पुढचे २०२७ साली जर्मनीतील हॅनोव्हरला ठरले आहे. आपल्या देशातील असे मोठे प्रदर्शन म्हणजे 'इंडिया आयटीएमई'. त्याची परंपरा १९८० पासूनची आहे. २०१६ साली ते मुंबईत गोरेगावच्या मैदानावर भरले, तर २०२२ साली दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे.

दुसरा प्रकार तांत्रिक परिषदेचा. येथे यंत्रे नसतात, निबंध वाचले जातात. १९३९ साली स्थापन झालेली टेक्स्टाइल असोसिएशन अशा परिषदा भरवते. अहमदाबादची अटिरा, मुंबईची बिट्रा, कोइमतूरची सिट्रा या संशोधन संस्थांनीही संयुक्त परिषदांची परंपरा चालवली आहे. सूत का तुटते, सायझिंगमध्ये काय बदलले, वीज कशी वाचवावी, अशा विषयांवर तेथे बोलणे होते. आपल्यापैकी फारच थोडे लोक अशा परिषदांना जातात.

तिसरा प्रकार माल विकणारे आणि घेणारे यांच्या भेटीचा. याचे उदाहरण आपल्या शहरातच आहे. सोलापूरच्या रेडिमेड कापड उत्पादकांच्या संघाने २०१७ साली येथे गणवेश उत्पादकांचा मेळावा भरवला. पुढे तो मुंबईतही नेण्यात आला. २०१९ साली टेरी टॉवेलचेही प्रदर्शन सोलापुरात भरले. परगावचा खरेदीदार आपल्या दारात आला, ही साधी गोष्ट नव्हे. सोलापुरी चादर व टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. परंतु मानांकनाच्या कागदाने गिऱ्हाईक येत नाही. गिऱ्हाईक येते ते ओळखीने आणि मालाच्या खात्रीने.

जेकॉर्डची गोष्ट

अशा मेळाव्यातून खरोखर काही निघते का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या चादरीतच आहे. चादरीवर जी वेलबुट्टी उठते ती जेकॉर्डमुळे. हे नाव फ्रान्समधील लियों शहरातल्या जोसेफ जकार्ड या माणसाचे आहे. तो विणकराच्या घरात जन्मला होता. १८०१ साली पॅरिसला उद्योगांचे प्रदर्शन भरले. तेथे त्याने स्वतः सुधारलेला माग मांडला. त्यामुळे त्याचे नाव झाले आणि १८०३ साली त्याला पॅरिसच्या एका मोठ्या तांत्रिक संस्थेत बोलावणे आले. त्या संस्थेत वोकान्सन नावाच्या जुन्या कारागिराने केलेला माग ठेवलेला होता. तो पाहून जकार्डला आपल्या यंत्रातील उणीव समजली आणि १८०४ पर्यंत भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारे त्याचे प्रसिद्ध यंत्र तयार झाले. तो घरीच बसला असता तर वोकान्सनचा माग त्याच्या नजरेस पडला नसता.

पुढची कडीही प्रदर्शनाचीच आहे. पुठ्ठ्याऐवजी विजेवर व संगणकावर चालणारे जेकॉर्ड बोनास या इंग्लंडच्या कंपनीने १९८३ साली मिलानच्या इटमा प्रदर्शनात मांडले. पूर्वी एका नव्या डिझाइनसाठी आलेख काढणे, पुठ्ठे पाडणे, ते दोऱ्याने शिवणे यात दिवसेंदिवस जात असत. नव्या पद्धतीत तेच काम संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले. ज्यांना ही खबर लवकर लागली त्यांना तयारीला वेळ मिळाला. ज्यांना ती उशिरा लागली, त्यांना गिऱ्हाईक दुसरीकडे गेल्यावर ती समजली. पुठ्ठे पाडणाऱ्या कारागिराची तर रोजीच या खबरीवर अवलंबून होती.

एक महागात पडलेला तजुर्बा

आता स्वतःचे सांगतो. काही वर्षांपूर्वी थोरले भाईजान आणि मी भागीदारीत टॉवेलसाठी रेपियर माग टाकायचे ठरवले. एका प्रदर्शनात यंत्र पाहिले. काय चालत होते ते! तासभर पाहत उभा राहिलो, एकही धागा तुटला नाही. तेथेच बोलणी केली आणि बयाणा दिला. त्या दिवशी मी विक्रेत्याशिवाय कोणाशीही बोललो नाही. कोणी ओळखीचा दिसला तरी बाजूला झालो. आपण काय घेत आहोत हे दुसऱ्याला कळू नये, असा विचार मनात होता.

माग आले, बसले, चारपाच महिने ठीक चालले. मग पावसाळ्यात एका मागाचे कंट्रोल कार्ड गेले. विक्रेत्याला फोन केला तर आज येतो, उद्या येतो असे होत राहिले. तेवीस दिवसांनी माणूस आला आणि म्हणाला, कार्ड नवीन घ्यावे लागेल. किंमत ऐकून भाईजान खाली बसले. तोपर्यंत एका मोठ्या ऑर्डरची मुदत निघून गेली होती. माल अर्धा तयार, पार्टीने उरलेला नाकारला. मागावरच्या दोन कारागिरांना त्या दिवसांत पुरते काम देता आले नाही. त्यातला एक भिवंडीला गेला, तो परत आला नाही.

पुढच्या प्रदर्शनाला गेलो तेव्हा पाय दुखू लागले म्हणून चहाच्या टपरीवर बसलो. शेजारी इचलकरंजीचे एक कारखानदार होते. बोलता बोलता कार्डाची गोष्ट निघाली. ते हसले आणि म्हणाले, "अहो शेठ, नवीन कशाला घेताय? आधी दुरुस्त होतंय का बघा की. आमच्याकडं पोरं करतात ही कामं." त्यांनी नंबर दिला. माळ्यावर टाकलेले ते जुने कार्ड मी पाठवले आणि ते दुरुस्त होऊन आले. खर्च नव्या कार्डाच्या मानाने अगदीच थोडा. हा माणूस, किंवा त्यांच्यासारखा कोणी, पहिल्या प्रदर्शनातही असणारच. मी तोंड उघडले नाही म्हणून तो मला भेटला नाही. आजवर त्या गृहस्थांशी माझा एक रुपयाचाही व्यवहार झालेला नाही, पण सल्लामसलत मात्र नेहमीची झाली आहे.

स्टॉलवरचा माग आणि शेडमधला माग

यात विक्रेत्याची लबाडीच असते असे नव्हे. प्रदर्शनातील माग आणि आपल्या शेडमधील माग यांची परिस्थितीच वेगळी असते. तेथे दालन थंड असते, सूत उत्तम निवडलेले असते, वीज जात नाही आणि कंपनीचा फिटर शेजारीच उभा असतो. आपल्याकडे सोलापूरचा उन्हाळा, बाजारातले मिळेल ते सूत आणि एक जॉबर अनेक मागांना.

टॉवेलचेच उदाहरण घ्या. टेरी टॉवेलला दोन बीम लागतात, एक जमिनीच्या ताण्याचा आणि एक फासाच्या ताण्याचा. साध्या पद्धतीत दोन बाणे कापडाच्या कडेपासून थोड्या अंतरावर ठेवले जातात आणि तिसऱ्या बाण्याला फणी पूर्ण ठोका मारते. तिन्ही बाणे एकदम पुढे सरकतात आणि सैल सोडलेल्या ताण्याचे फास उभे राहतात. जुन्या धोट्याच्या मागावर बाणा जातो आणि परत येतो, म्हणून किनार आपोआप बांधली जाते. रेपियर मागावर प्रत्येक बाणा कापला जातो. म्हणून किनार वेगळी बांधावी लागते आणि कडेला सुताची काही नासाडी होते. वेग वाढला की कच्चे सूत अधिक तुटते. शिवाय बाणा थेट कोनवरून येत असल्याने कांडी भरण्याचे काम उरत नाही. कांडी भरून ज्या घरांची चूल पेटते, त्यांच्यासाठी दुसरे काम कोणते, याचाही विचार मालकाने आधी करावा.

या गोष्टी कॅटलॉगमध्ये ठळक अक्षरात नसतात. त्या वापरणाऱ्याला विचाराव्या लागतात. म्हणून स्टॉलवर पहिला प्रश्न किमतीचा नको. पुढील प्रश्न आधी विचारा:

हे यंत्र आमच्या भागात कोणाकडे चालू आहे? त्यांचा पत्ता द्याल का?
कोणत्या नंबरचे सूत लावले आहे? आमच्या सुतावर चालवून दाखवाल का?
सुटे भाग कोठून येतात, आणि यायला किती दिवस लागतात?
दुरुस्तीचा माणूस कोणत्या गावी राहतो?
हमीची मुदत संपल्यावर एका भेटीचे किती घेता?

पहिल्या प्रश्नाला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडे बयाणा देण्याची घाई करू नये. पत्ता मिळाला तर तेथे स्वतः जाऊन यावे. शक्य असल्यास मालकाशी बोलण्यापूर्वी मागावर उभ्या असलेल्या कारागिराशी बोलावे. तो खरे सांगतो.

सरकारी सवलतींबाबतही हेच. तंत्रज्ञान सुधारणा निधीची योजना, जिला सर्वजण टफ म्हणत, १ एप्रिल १९९९ रोजी सुरू झाली आणि तिची सुधारित मुदत ३१ मार्च २०२२ ला संपली. सवलत मिळणार असे स्टॉलवर तोंडी सांगितले जाते, त्यावर हिशेब मांडू नये. ज्याच्या खात्यात ती प्रत्यक्ष जमा झाली अशा माणसाला गाठावे आणि किती दिवसांनी जमा झाली ते विचारावे.

भाषेची भीती

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. माझेही तसेच. परिषदेत सुटाबुटातील लोक इंग्रजीत बोलू लागले की आपण मागच्या खुर्चीवर सरकतो आणि जेवणाची सुट्टी झाली की बाहेर पडतो. हीच मोठी चूक आहे. निबंध इंग्रजीत वाचला जातो हे खरे, पण चहाच्या रांगेत तोच माणूस हिंदीत, मराठीत किंवा गुजरातीत बोलतो. एकदा सुताच्या ओलाव्यावर बोललेल्या एका तज्ज्ञांना मी चहाच्या वेळी गाठले आणि सांगितले, "साहब, अंग्रेजी कम समझता हूँ, मेरे शेड में एप्रिल-मे में धागा बहुत टूटता है." ते उभ्या उभ्या दहा मिनिटे बोलले, कागदावर आकृती काढून दिली. धंद्याचा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर जाणकार माणसाला आनंदच होतो. लाज न विचारण्याची वाटली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूर येथील मागवाल्यांशी आपली बोली जुळते. आपल्याला जे सोपे आहे त्याचा फायदा घ्यावा. परंतु केवळ आपल्याच लोकांच्या घोळक्यात दिवस घालवू नये. सोलापुरात पद्मशाली विणकर बांधवांकडे चादर-टॉवेलचा पिढ्यान्पिढ्यांचा तजुर्बा आहे, इचलकरंजीच्या कारखानदारांकडे नव्या मागांचा. ज्ञान ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आपण गेले पाहिजे.

सोबत कोणाला न्यावे

आपल्याकडे प्रदर्शनाला जाताना मालक मुलाला किंवा पुतण्याला नेतो. त्याला अवश्य न्यावे, त्यालाच पुढे धंदा पाहायचा आहे. परंतु एक जागा जॉबरची ठेवावी. मालक यंत्राचा रंग आणि वेग पाहतो, जॉबर वाकून खालचा गिअर पाहतो. फिटरशी तो दोन वाक्यांत जे बोलतो ते मालकाला दोन तासांत समजत नाही. त्याचे भाडे व दोन दिवसांची मजुरी हा खर्च यंत्राच्या किमतीपुढे काहीच नाही. गणवेशाच्या धंद्यात असाल तर कटिंग मास्टरला न्या. घरी शिलाईचे काम घेणाऱ्या आपल्या बहिणी आहेत. काज-बटणाचे यंत्र खरेदी करताना त्यांच्यापैकी एखाद्या अनुभवी बाईचा सल्ला घेतला तर नुकसान होणार नाही.

चारपाच लहान मागवाल्यांनी मिळून जाणे सर्वांत चांगले. दालने वाटून घ्यावीत. एकाने वॉर्पिंग-सायझिंग पाहावे, दुसऱ्याने माग, तिसऱ्याने रंगाई. संध्याकाळी एकत्र बसून ज्याने जे पाहिले ते सांगावे. एका दिवसात एक माणूस जेवढे पाहतो त्याच्या चौपट माहिती गोळा होते आणि खर्चही वाटला जातो.

काय सांगावे, काय राखावे

ओळख एका हाताने होत नाही. आपण फक्त विचारत राहिलो आणि स्वतः काही सांगितले नाही तर दुसऱ्यांदा कोणी उभे करणार नाही. सगळेच गुपित ठेवण्याची आपली सवय येथे आड येते. ती सवय मलाही होती आणि तिची किंमत मी वर सांगितलीच आहे.

गिऱ्हाइकाचे नाव, भाव आणि स्वतःचे डिझाइन हे राखून ठेवावे. त्यात गैर काही नाही, ती प्रत्येकाची रोजी आहे. परंतु कोणत्या गिरणीचे सूत चांगले निघाले, कोणता सुटा भाग लवकर झिजतो, कोणता मेकॅनिक वेळेवर येतो, कोणता एजंट पैसे बुडवतो, हे सांगितल्याने आपले काही कमी होत नाही. उलट तशीच माहिती आपल्याकडे येते. एजंटाविषयी सांगताना मात्र स्वतः अनुभवलेले तेवढेच सांगावे. ऐकीव गोष्टीवरून कोणाची बदनामी करू नये.

परत आल्यावर

ओळख खरी होते ती परतल्यानंतर. त्याच रात्री गाडीत बसून प्रत्येक कार्डाच्या मागे दोन ओळी लिहाव्यात: हा माणूस कोण, कोठे भेटला, काय बोलणे झाले. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. आठ दिवसांनंतर चेहरे विसरतात. त्या आठ दिवसांतच फोन करावा आणि पहिल्या फोनवर काहीही मागू नये. भेटून बरे वाटले, सोलापूरला याल तेव्हा घरी या, एवढेच पुरे. ईदेला, दिवाळीला एक निरोप. आपल्या शहरात काही कामाने आला तर त्याला स्टेशनवरून आणावे, घरी जेवू घालावे. आपल्या वडीलधाऱ्यांनी याच रीतीने परगावचे आडते आणि पेढीवाले जोडले होते. तेव्हा प्रदर्शने नव्हती, पण माणूस जोडण्याची रीत हीच होती.

शेवटी एक विनंती. प्रदर्शनाहून आलेल्या माणसाने एखाद्या शुक्रवारी दुपारनंतर आपल्या गल्लीतील मागवाले व कारागीर यांना अर्धा तास बोलवावे आणि काय पाहिले, कोणाला भेटलो ते सांगावे. पिशवीतले कॅटलॉग तेथे वाटून टाकावेत. जो भाड्यापायी जाऊ शकला नाही त्याच्याही कानावर नवी गोष्ट पडेल. पुठ्ठे पाडणारा, कांडी भरणारी, जॉबर, यांना येणारा बदल आधी कळला तर ते नवे काम शिकून घेतील. तो अर्धा तास मी स्वतः आता प्रत्येक वेळी देतो. मागच्या वेळी आठ माणसे आली होती. त्यातील तिघे पुढच्या खेपेला माझ्याबरोबर येणार आहेत, आणि त्यात एक जॉबर आहे.